दोन रेडबड, दोन पांगरी

अमेरिकेत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, पण तिथली बारकी बारकी गावं मला माझ्या गल्लीइतकी ठाऊक आहेत. जर्मनीत, कार्ल्सरूहेत, मी ज्या कंपनीत काम करते ती गाड्यांमधले नकाशे बनवते, आणि उत्तर अमेरिकेतल्या गावांची यादी स्वच्छ ठेवणं हे आमच्या टीमचं काम आहे. स्वच्छ ठेवणं म्हणजे, एकच गाव चुकून दोनदा आलं असेल तर त्यातली एक नोंद पुसायची. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या लोकांनी गावांची बारशी करताना आमची सोय बघितलेली नाही. माणसं आली, समोर जे झाड फुललेलं दिसलं त्याचं नाव गावाला ठेवलं आणि कामाला लागली. मॅग्नोलिया नावाची गावं कितीतरी राज्यांत आहेत. डॉगवुड आहेत, कटाल्पा आहेत. आणि रेडबड आहेत.

रेडबड हे तिकडचंच रानातलं झाड. वसंतात पानं फुटायच्या आधीच नुसत्या फांद्यांवर, अगदी खोडावरसुद्धा, गुलाबी फुलं येतात. त्याच्या नावाची गावं उपग्रहाच्या चित्रात वरून बघितली तर एक चर्च, धान्य साठवायची एक उंच टाकी, दहाबारा छपरं आणि गावाला न विचारता पुढे निघून जाणारा एक रस्ता, एवढंच दिसतं. मला ही गावं का कोण जाणे आवडायची. कामाच्या मध्येच मी उगाच एखादं उघडून बघत बसायची.

अशाच एका राज्यात दोन रेडबड होती, मध्ये गाडीने तासाभराचं अंतर. त्यातल्या एकाची नोंद अर्धवट भरलेली होती. मला वाटलं, एकच गाव कुणीतरी दोनदा घातलंय. शंका आली की चित्र उघडून डोळ्यांनी बघायचं, हा आमचा नियम. तो नियम मीच लिहिलेला आहे. पण शुक्रवार होता, दुपार कलली होती, आणि मी न बघता पुसलं.

तीन आठवड्यांनी एका बाईची तक्रार आली. तिच्या आजारी सासऱ्यांची औषधं घेऊन येणारी गाडी दोनदा दुसऱ्याच रेडबडला जाऊन आली होती. तिने शेवटी लिहिलं होतं, आम्ही इथेच आहोत, चर्चसमोरचं झाडही फुललंय, फक्त तुमच्या नकाशात आम्ही नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हे कसं झालं? मी म्हणाले, मूळ नोंद अर्धवट होती. यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती नोंद भरणारी सहकारीण माझ्याच शेजारी बसली होती. दोन मुलांची आई, नोकरीला लागून चारच महिने झालेले. ती लाल झाली आणि वहीत काहीतरी लिहायला लागली. मी पुढच्या मुद्द्यावर गेले.

त्या दिवसांत अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे आलेले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात एकटे बसून असत, म्हणून मी हट्टाने नव्वद दिवसांच्या व्हिसावर त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांची सगळी नोकरी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालात, सॉर्टर म्हणून गेली. समोर खणांची फळी, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्ता वाचायचा आणि पत्र ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं. जिल्ह्यातलं एकूण एक टपाल ऑफिस त्यांना तोंडपाठ. घरी पाहुणा आला आणि म्हणाला, मी वडगावचा, की चहाच्या आधी अण्णांचा प्रश्न, "कुठलं वडगाव? टपाल कुठून येतं तुमचं?" नुसतं नाव म्हणजे पत्ता नव्हे, हे त्यांचं वाक्य ऐकतच मी मोठी झाले.

त्यामुळे झाडांच्या नावांची अमेरिकन गावं म्हटल्यावर ते खुलले. "आपल्याकडे काय कमी आहेत? बोरगाव घे, पळसगाव घे, मोहगाव घे. आणि पांगरी. पांगाऱ्याच्या झाडावरून पांगरी. आपल्या एका जिल्ह्यात दोन..." एवढं बोलून ते थांबले आणि टेबलावरचा चष्मा पुसायला लागले.

पांगरीचं नाव आमच्या घरात जरा जपूनच निघायचं. तिथे माझी आत्या दिलेली आहे, अण्णांची धाकटी आणि एकुलती बहीण. मी सहा वर्षांची असताना माझी आजी आजारी पडली. आठ-दहा दिवस काढेल असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी रजा घेतली आणि आत्याला पत्र लिहिलं, की लगेच ये, आई तुझी वाट बघते आहे. गावात फोन नव्हता. तार केली तर पोरगी वाटेतच हाय खाईल, पत्र तिसऱ्या दिवशी हातात पडतं, मला सांगू नका, असं ते म्हणाल्याचं आई सांगायची. निळं अंतर्देशीय पत्र होतं. आई मला घेऊन कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेली आणि मी हट्ट केला म्हणून तिने मला उचललं. पत्र मी टाकलं. त्याचा कोपरा फटीत जरासा अडकला होता. मी बोटाने ढकलला, पण तो आत पडलेला मला दिसला नाही, कारण तोवर आईने मला खाली ठेवलं होतं.

आजी पाचव्या दिवशी गेली. मग तार केली. आत्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ती दारातच बसली आणि तिने एकच विचारलं, "आजारी होती तेव्हा का नाही कळवलं?" अण्णा म्हणाले, "पत्र टाकलं होतं गं. हिने टाकायला उशीर केला असणार."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. मला पत्राचा तो अडकलेला कोपरा आठवला आणि मी आईच्या मागे जाऊन उभी राहिले.

त्यानंतर आत्या दर दिवाळीला भाऊबीजेला यायची. भावाला ओवाळायची, पण आमच्याकडे जेवायची नाही. घरून दशम्या बांधून आणायची. आईच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. आई तांब्या-भांडं घेऊन पुढे यायची आणि आत्या तिच्या बाजूने निघून मागच्या नळावर जायची, पदर खोचून ओंजळीने पाणी प्यायची. आई तांब्या घेऊन उभी राहायची. दर वर्षी. मी मोठी झाल्यावर आईला म्हणायची, तू एकदा सांगत का नाहीस, पत्र त्याच दिवशी टाकलं होतं म्हणून? आई म्हणायची, "असू दे. तिची आई गेली. कुणावर तरी राग काढायला हवाच ना." मी तेवढंच बोलायची. कोपऱ्याचं मी कधीच सांगितलं नाही. आज पन्नाशीला टेकले तरी इथल्या पिवळ्या पेटीत काही टाकलं की झाकण दोनदा उघडून बघते. माझी मुलगी हसते. तिला वाटतं, इंडियन आहे म्हणून.

तर त्या सोमवारी मी घरी आले, कणीक मळता मळता ऑफिसमधला प्रकार अण्णांना सांगितला. नवरा कामासाठी गार्चिंगला गेलेला होता, म्हणून टेबलावर आम्ही तिघंच. अण्णा, मी आणि अकरा वर्षांची लेक.

"म्हणजे तू न बघता पुसलंस?" अण्णांनी विचारलं.

"अहो अण्णा, नोंदच अर्धवट होती."

"ते तिचं झालं. पुसलं कुणी?"

"मी."

"आणि मीटिंगमध्ये नाव तिचं आलं."

"मी नाव घेतलेलंच नाही कुणाचं. आणि ती प्रोबेत्साइटमध्ये आहे, पहिले सहा महिने तसे परीक्षेचेच असतात. एवढ्यावरून काही काढत नाहीत."

"डॉख," लेक ताटातून मान वर न करता म्हणाली. म्हणजे काढतात की. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर तेवढं जर्मनमधून येतं.

अण्णा म्हणाले, "उद्या जा आणि सांग, चूक माझी होती म्हणून. आजचा दिवस गेला की मग तोंड उघडत नाही माणसाचं."

माझा स्वभाव भडक आहे. त्यातून ते बरोबर बोलत होते, म्हणून जास्तच लागलं. मी म्हणाले, "तुमचं बरं आहे. तुमच्या हातून उभ्या नोकरीत चूक म्हणून झाली नाही. त्यामुळे दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काय जातंय तुमचं!"

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि पुढचे चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मीही ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही.

शनिवारी ते आपणहून म्हणाले, चल, जरा बागेत जाऊन येऊ. आम्ही ट्रामने राजवाड्यामागच्या बागेत गेलो. एप्रिल होता, ऊन पडलं होतं, माणसं गवतावर पसरली होती. वाटेच्या कडेला एक झाड उभं होतं, पान एकही नाही आणि काळ्या फांद्या गुलाबी फुलांनी भरलेल्या. काही फुलं थेट खोडातून आलेली. खाली पाटी होती, मूळ स्थान उत्तर अमेरिका. इतकी वर्षं चित्रात बघितलेलं रेडबड मी पहिल्यांदाच समोर बघत होते.

"हेच ते, अण्णा."

ते बराच वेळ बघत राहिले. "पांगारा असाच. पानाआधी फूल. रंग तेवढा लाल," म्हणाले आणि समोरच्या बाकावर बसले. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"तुझ्या आत्याला लिहिलेलं पत्र परत आलं होतं. तुझ्या आजीचे दिवस उरकल्यावर मी कामावर रुजू झालो आणि दुसऱ्याच दिवशी ते माझ्याच हातात आलं. 'या नावाची व्यक्ती येथे नाही' असा शेरा मारलेला. शिक्का दुसऱ्या पांगरीचा."

मला क्षणभर काही कळलं नाही. "दुसऱ्या म्हणजे?"

"आपल्या जिल्ह्यात दोन पांगऱ्या. मी पत्त्यावर नुसतं मुक्काम पोस्ट पांगरी आणि जिल्हा लिहिला होता. तालुका नाही, पिनकोड नाही. आम्ही कधी लिहायचोच नाही. पिनकोड बाहेरच्या लोकांसाठी, आपल्याला नावावरून कळतं, अशी आमची घमेंड. फळीपुढे मी असतो तर अक्षर ओळखून बरोबर खणात टाकलं असतं. पण मी रजेवर होतो. माझ्या जागी बदलीवर आलेला होता. त्या बिचाऱ्याने काय करायचं? मी पत्ता लिहिला तो मीच वाचणार अशा थाटात."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळून मी विचारलं,

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"आत्याला पंधरा दिवस आधी सांगून बसलो होतो, वहिनीने उशीर केला म्हणून. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. आणि ऑफिसात सगळे मला विचारायला यायचे, हे गाव कुठलं, ते कुठलं. त्या माणसाला स्वतःच्या बहिणीचा पत्ता लिहिता आला नाही, हे कुणाला सांगणार? म्हटलं, दिवाळीला सांगू. मग पुढच्या दिवाळीला."

"आणि पत्र?"

"फाडलं. सगळ्या नोकरीत मी फाडलेलं ते एकच पत्र."

मला रडू आलं नाही, संताप आला. मी बाकावरून उठले. तांब्या घेऊन उभी राहिलेली आई मला दिसत होती, आणि तिच्यामागे खुर्चीत पेपर धरून बसलेले हे. दर वर्षी बघत होते. मी म्हणाले, "अण्णा, ते पत्र पेटीत मी टाकलं होतं. आईने उचललं होतं मला. त्याचा कोपरा अडकला होता. माझ्यामुळे पोचलं नाही असं समजत मी जगले आजवर. तुम्हाला माहीत तरी आहे का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ऐंशीला आलेला माणूस, अंगात माझ्या नवऱ्याचा जाड कोट, बाह्या लांब झालेल्या. "तू?" एवढंच म्हणाले. मी त्यांना जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा नाही घेतलं.

मी उभ्यानेच विचारलं, "आईला माहीत होतं?"

"शर्ट धुवायला टाकला तेव्हा खिशात तुकडे राहिले होते. तिने ते भिजायच्या आधी काढून टेबलावर आणून ठेवले. एक शब्द बोलली नाही. मीही नाही."

म्हणजे ते 'असू दे' सगळं माहीत असलेल्या बाईचं होतं. अण्णांना फळीपुढे ताठ मानेने उभं राहता यावं म्हणून तिने आपली मान खाली ठेवली होती. याचं कौतुक मला आजही करता येत नाही. तिचाही राग येतो.

"आत्याला सांगा," मी म्हणाले. "आजच."

"तू सांगितलंस का तुझ्या ऑफिसात?"

"आधी तुम्ही."

"तू आधी. तुझं माणूस अजून आहे, त्या पोरीची नोकरी जाईल. माझं माणूस गेलं."

आम्ही ट्राममध्ये शेजारी बसून घरी आलो.

सोमवारी मीटिंग सुरू व्हायच्या आधीच मी हात वर केला. रेडबडची नोंद मी पुसली, चित्र न बघता पुसली, नियम माझा आणि मोडलाही मीच, असं सांगितलं. माझं जर्मन एरवी बरं आहे, त्या दिवशी दर दोन शब्दांना आल्झो, आल्झो, आपलं 'म्हणजे, म्हणजे', करत होते. साहेब म्हणाले, ठीक आहे, लेखी द्या. बस. ज्याला मी आठवडाभर घाबरत होते ते दोन मिनिटांत संपलं. दुपारी सहकारिणीने तिच्या डब्यातली अर्धी खारी पेस्ट्री माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. रेडबड मी त्याच दिवशी परत नकाशावर घातलं, आणि या वेळी चित्र उघडून चर्च, टाकी, छपरं सगळं मोजून घेतलं. झाड वरून दिसलं नाही.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंस. मग मंगळवार गेला, बुधवार गेला. कधी त्यांचं डोकं दुखायचं, कधी तिकडे आत्याच्या जेवणाची वेळ झालेली असायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती चाळीस वर्षांनी उघडायची म्हणजे बोटंच वळत नव्हती त्यांची. माझं म्हणण्यासारखं सगळं म्हणून झालं होतं.

रविवारी सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते बाहेर आले आणि म्हणाले, "लाव फोन."

आत्याच्या सुनेने फोन उचलून तिच्यासमोर धरला. आत्या ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. "दादा, थंडी कमी झाली का रे तिकडे?" तिने विचारलं. अण्णांनी थंडीचं उत्तर दिलं नाही. फळीपुढे उभं राहून वाचावं तसं सरळ, न थांबता सगळं सांगितलं. दोन पांगऱ्या, पत्ता, परत आलेलं पत्र, फाडलेलं पत्र. शेवटी म्हणाले, "तुझ्या वहिनीने त्याच दिवशी टाकलं होतं. चूक माझी होती. तिला माहीत होतं आणि ती बोलली नाही."

आत्याचे हात थांबले. सुनेने फोन जरा खाली केला, तेव्हा आम्हाला नुसतं सूप आणि शेंगा दिसायला लागल्या. आत्याने तो परत वर करायला लावला.

"तिच्या हातचं पाणी नाही प्यायले रे मी," ती म्हणाली. "सगळा जन्म नाही प्यायले. आणि तू बघत बसलास."

"हो," अण्णा म्हणाले.

"मी नळावर जायची तेव्हा ती माझ्यासाठी नळाखालची बादली काढून ठेवायची. ओंजळ धरायला सोपं पडावं म्हणून. मला वाटायचं, मनात खोट आहे म्हणून करते."

अण्णांनी चष्मा काढून हातात घेतला. लेक दारात येऊन उभी राहिली होती.

मग आत्याने मला हाक मारली. "वहिनीचा फोटो आहे का गं तुझ्याकडे? इकडे धर."

कपाटावरचा आईचा फोटो मी आणला आणि फोनसमोर दोन्ही हातांनी धरला. तिकडे आत्याने सुनेला पाणी आणायला सांगितलं. तिने भांडं हातात घेतलं, फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, द्या."

ते भांडं तिने तोंडाला लावलं. पाणी हनुवटीवरून खाली सांडत होतं, तरी ती थांबली नाही. भांडं रिकामं होईपर्यंत मी फोटो धरून उभी राहिले.